काकूंची सही

माईक हातात आला की माझं डोकं जाग्यावर राहत नाही. नवरा हे लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकला; कुठल्याही कार्यक्रमात मी माईककडे सरकायला लागले की तो चहा प्यायच्या निमित्तानं बाहेर निघून जायचा. आमच्या महिला मंडळाची मी इतकी वर्षं सचिव होते ती लिहिणं-वाचणं चांगलं येतं म्हणून, असं मी सगळ्यांना सांगायची. खोटं आहे ते. सचिवाच्या हातात माईक असतो, म्हणून मी सचिव होते.

मंडळ बीरगांवातलं. रायपूरला लागून, उरला नावाच्या कारखान्यांच्या वसाहतीच्या अगदी शेजारी; सकाळी वाळत घातलेली पांढरी साडी दुपारी काजळी झटकून मगच घडी करायची, असं आमचं गाव. आम्ही मराठी घरं विदर्भातून आलेली. कोणी रेल्वेत, कोणी कारखान्यात, कोणी माझ्यासारखं सरकारी ऑफिसात बाबूगिरी करणारं. राज्य नवं झालं, नवी ऑफिसं उघडली, तेव्हा मला नोकरी लागली आणि लगेचच मुलगी झाली. मंडळ म्हणजे काय, तर संक्रांतीचं हळदीकुंकू, भुलाबाईची गाणी, आणि एरवी एकमेकींच्या सुनांची चौकशी. पण मंडळाची स्वतःची एक जागा होती. रेल्वेतून रिटायर झालेल्या एका आजोबांनी मंडळाच्या नावे करून दिलेला प्लॉट, आणि त्यावर एक टिनाची खोली. त्या खोलीत काकूंचं पाळणाघर चालायचं.

काकू माझ्या नात्याच्या कोणी नव्हेत. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, त्या सगळ्यांच्याच काकू. नवरा कारखान्यात होता, तो लवकर गेला. लेक लग्न होऊन गोंदियाला. सकाळी गुडाखू, म्हणजे ती तंबाखूची काळी मिसरी, दातांना घासल्याशिवाय त्या कोणाशी धड बोलत नसत आणि घासल्यावर गप्प बसत नसत. कारखान्यात झाडू मारणाऱ्या, राइस मिलमध्ये पोती शिवणाऱ्या, शंकर नगरच्या बंगल्यांत भांडी घासायला जाणाऱ्या बायका आपली लेकरं त्यांच्याकडे ठेवून जात. माझी मुलगीही तिथलीच. अंगावर पीत होती तेव्हाच मी तिला काकूंच्या हाती दिलं. ती पहिल्यांदा उभी राहिली ते मी पाहिलं नाही, ते काकूंनी पाहिलं आणि संध्याकाळी मला करून दाखवलं.

मंडळाच्या अध्यक्ष काकूच. निवडणूक वगैरे काही झालेली नव्हती. खोलीची किल्ली त्यांच्याकडे, म्हणून अध्यक्ष त्या.

मंत्रालय नव्या रायपूरला गेलं, आमचं ऑफिसही त्याच्या मागोमाग गेलं, आणि मी स्टाफ बसनं त्या रुंद रिकाम्या रस्त्यांवरून जाऊ-येऊ लागले, त्या काळातली ही गोष्ट. मुलगी तेव्हा शाळेत होती. महिला-बालविकासच्या एक मॅडम काकूंची खोली पाहून गेल्या. म्हणाल्या, पक्की खोली, नळ आणि संडास असेल तर हे पाळणाघर सरकारी योजनेत घेता येईल. लेकरांना खाऊ मिळेल, काकूंना दर महिन्याला मानधन, हाताखाली एक बाई. एकच अट, संस्थेचं आणि चालवणारीचं रेकॉर्ड साफ पाहिजे. त्या संध्याकाळी काकूंनी मला डबा भरून गुळाच्या पोळ्या दिल्या.

"तू बोल नं वो कोनासंग," त्या म्हणाल्या. "तुले बोलता येते."

मला बोलता येतं. तिथंच तर सगळं बिघडलं.

आमच्या भागात एका खासदारांचं येणं-जाणं होतं. राज्यसभेचे. म्हणजे आपल्या मतांवर निवडून यायचं नाही आणि मतांसाठी कोणाच्या दारात उभं राहायचं नाही, असे. पण माणूस गोड. कोणाला नाही म्हणायचे नाहीत. त्यांच्या मिसेसचं माहेर भंडाऱ्याकडचं, घरी मराठी बोलणारं. एवढं कळलं आणि आम्हा बायकांच्या अंगात संचारलंच. आपली पोरगी दिल्लीच्या खासदाराची बायको! तिला आम्ही सगळ्या वहिनी म्हणायला लागलो, आणि मी शंकर नगरातल्या त्यांच्या ऑफिसात जाऊन दोघांना संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं निमंत्रण देऊन आले.

दोघं आले. प्लॉटवर मांडव घातला होता. खासदारांनी टिनाची खोली आतून पाहिली, झोळीत निजलेल्या एका बाळाच्या गालाला हात लावला, आणि माईकवर येऊन म्हणाले की मंडळाला भवन माझ्या निधीतून. टाळ्या पडल्या. आता सांसद निधी म्हणजे काही त्यांच्या घरच्या तिजोरीतला पैसा नव्हे, तो सरकारचा, म्हणजे तुमचा-माझा. त्यांनी फक्त कुठं लावायचा ते सुचवायचं असतं. सरकारी ऑफिसात आयुष्य काढलेल्या मला हे माहीत नसेल तर कोणाला असेल? पण मीच माईक घेतला आणि म्हटलं, "दादांनी आज आपल्याला घर दिलं." आणि एवढ्यावर थांबेन तर ती मी कसली. टाळ्या थांबत नव्हत्या, मला चेव चढला, आणि मी म्हटलं, "ह्या उपकाराच्या बदल्यात आपण काय देणार? आपल्या मंडळाचं अध्यक्षपद मी आजपासून वहिनींना देते. मंजूर?"

मंजूर, मंजूर, असं सगळ्या म्हणाल्या. वहिनी "अगं नको नको" म्हणाल्या आणि उठून उभ्या राहिल्या. खासदार हसून टाळ्या वाजवत होते. काकू पहिल्या रांगेत सतरंजीवर बसलेल्या, मांडीवर एक लेकरू पालथं घातलेलं. त्याला थोपटणारा हात उचलून त्यांनीही टाळी वाजवली. मी त्यांना आधी विचारलं नव्हतं. विचारायचं सुचलंच नाही, इतकं मला स्वतःचं बोलणं आवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी सारवासारव करायला गेले. म्हटलं, काकू, ते नुसतं नावापुरतं आहे.

"मले काय करायचं हाय अध्यक्ष राहून," काकू म्हणाल्या. "किल्ली तं माझ्यापाशीच राहीन नं?"

मी हो म्हटलं.

मग कागदपत्रं निघाली. खासदारांचे पीए, अतिशय सभ्य माणूस, मला दीदी म्हणायचे. त्यांनी फोन करून सांगितलं की एक छोटीशी अडचण आहे. ज्या संस्थेच्या कार्यकारिणीत खासदाराच्या घरचं कोणी असेल त्या संस्थेला त्यांच्या निधीतून काम देता येत नाही, असा नियम आहे. देणारा आणि घेणारा एकाच घरातला नको, साधी गोष्ट. "पर घबराइए मत, दीदी. काग़ज़ पर पुरानी अध्यक्ष ही रहने दीजिए. भाभीजी मंच पर रहेंगी."

मला त्याच क्षणी फोनवर म्हणता आलं असतं, मग वहिनींचं नाव काढून टाकते. अध्यक्षपद मीच दिलं होतं, मीच परत घेऊ शकत होते. पण कसं घेणार? भर मांडवात दिलेलं परत घ्यायचं म्हणजे माझंच नाक कापलं गेलं असतं. म्हणून मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर घोषणापत्र टाइप केलं. खासदारांची कोणीही नातेवाईक मंडळाच्या कार्यकारिणीत नाही, असं. खाली, अध्यक्ष. ते घेऊन मी काकूंकडे गेले.

दुपारची वेळ. काकू एका लेकराला खिचडी भरवत होत्या आणि दुसरं खांद्यावर रडत होतं. मी म्हटलं, भवनाचा कागद आहे, सही पाहिजे. त्यांनी खांद्यावरचं लेकरू माझ्याकडे दिलं, पदराला हात पुसले आणि विचारलं, "कुठं करू?" मी बोट ठेवलं. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली त्यांची सही. एकेक अक्षर बसवून काढायच्या. मला लेकरू सांभाळत उभं राहावं लागलं. कागदावर काय लिहिलंय ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. कागद मी आणला होता, तेवढं त्यांना पुरे होतं.

ठेका मिळाला वहिनींच्या भावाला. हे पाऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही कळलं. मलाही कळलं. मी काही बोलले नाही. उलट, घरचाच माणूस आहे, काम चांगलं करेल, असंही एकदोघींना म्हटल्याचं आठवतं. तो आला आणि पहिल्याच दिवशी म्हणाला, टिनाची खोली पाडावी लागेल, मध्ये येते. काकू लेकरं घेऊन आपल्या घराच्या परछीत गेल्या. परछी म्हणजे घरासमोरचा छपराखालचा ओटा. थोड्या महिन्यांचा प्रश्न आहे, मी त्यांना सांगितलं. त्यांनी खोलीचं कुलूप आणि किल्ली काढून घरी नेली.

भूमिपूजनाच्या दिवशी काळ्या दगडाची पाटी लागली. वर खासदारांचं नाव. खाली वहिनींचं, अध्यक्ष, महिला मंडळ, असं कोरलेलं. म्हणजे मंचापुरती असलेली गोष्ट ह्या शहाण्यांनी दगडात घातली होती. त्याखाली पालिकेतल्या दोघांची नावं. मी पाटी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. सचिव कुठंच नव्हती. मांडव, निमंत्रण, कागद, टायपिंग, सगळं मी केलेलं, आणि दगडावर माझं नाव नाही. मी पीएंना विचारलं. ते हात जोडून म्हणाले, "दीदी, जगह कम पड़ गई."

माझा जो जळफळाट झाला तो काय सांगू. घरी येऊन मी भांडी आपटली. नवऱ्यानं विचारलं काय झालं, तर म्हटलं, काही नाही. पाटीवर नाव नाही म्हणून रडतेय असं कोणाला सांगायचं? अनेक दिवस मी त्या रस्त्यानं जाणंच टाळलं.

भिंती खिडकीपर्यंत आल्या तेव्हा कोणी तरी तक्रार केली. विरोधी पक्षाचा कोणी असावा. एक अधिकारी पाहणीला येणार असं कळलं, आणि आदल्या दिवशी पीए सगळ्यांना समजावून गेले. विचारलं तर अध्यक्ष काकू, बस. ठेकेदारानं पाटीवर सिमेंटचं रिकामं पोतं टाकून दिलं.

अधिकारी आले. मंडळाच्या बायका रांगेत उभ्या. काकूंना परछीतून बोलावून आणलं होतं, कडेवर लेकरू होतंच. "अध्यक्ष कौन हैं?" अधिकाऱ्यांनी विचारलं. सगळ्यांनी काकूंकडे बोट केलं. काकू म्हणाल्या, "मैं." एवढ्यात पीए माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "दीदी, आप ज़रा पीछे हो जाइए न, फोटो लेना है."

मागे व्हा. मला.

मी मागे झाले, सरळ पाटीपर्यंत मागे गेले, आणि ते पोतं उचललं. म्हटलं, "सर, ये पढ़ लीजिए. अध्यक्ष का नाम इस पर लिखा है."

खरं आहे, मी खरं बोलले. त्या दिवशी तिथं उभ्या असलेल्यांत खरं बोललेली मी एकटीच. पण मला खरं बोलायचं नव्हतं. मला राग आला होता, आणि त्या रागाच्या हाताला नेमकं खरं लागलं.

अधिकाऱ्यांनी पाटी वाचली. मग फाइल उघडली, पानं उलटली, एका कागदावर थांबले, आणि काकूंकडे वळून म्हणाले, "तो इस पर दस्तखत किसके हैं?" काकूंनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "मेरे." त्यांना अजून काही कळलेलं नव्हतं. पोतं माझ्या हातातच होतं. तोपर्यंत तो कागद मला आठवलाच नव्हता, हे माझं म्हणणं कोणाला पटो न पटो.

काम बंद झालं. हिंदी पेपरात एक कॉलम आला. स्टाफ बसमध्ये लोक माझ्यासाठी जागा सोडायला लागले. खासदारालाही सोडलं नाही बाईनं, म्हणायचे. आणि मी नको नको म्हणत हसायची. थोडे दिवस मला फार बरं वाटलं. हेही लिहून ठेवलं पाहिजे, कारण त्याच दिवसांत काकू परछीत लेकरं घेऊन बसल्या होत्या आणि मी त्यांच्याकडे फिरकले नव्हते.

खासदारांचं काय झालं म्हणाल तर काही नाही. त्यांनी पत्र दिलं की माझ्या पत्नीचं नाव मंडळानं परस्पर टाकलं, मला कल्पना नव्हती, आणि मंडळानं खोटं घोषणापत्र देऊन माझी फसवणूक केली आहे. काम आपण स्वतः रद्द करायला सांगितलं, असंही पेपरात छापून आलं. मांडवात टाळ्या वाजवणारे ते दोन हात मला अजून दिसतात. वहिनी म्हणाल्या, मला तर आग्रह करून उभं केलं. हे मात्र अगदी खरं होतं. ठेकेदार म्हणाला, मी फक्त विटा लावतो. सगळ्यांची सुटका होत होत शेवटी कागदावरचं एकच नाव उरलं, आणि नोटीस काकूंना आली.

नोटीस घेऊन त्या माझ्याचकडे आल्या. दुसऱ्या कोणाकडे जाणार?

"हे काय लिवलं हाय, वाचून सांग वो," म्हणाल्या.

मी वाचून सांगितलं. खोटं घोषणापत्र दिल्याबद्दल जाब द्यायला हजर व्हा. पुढे, दोषी आढळल्यास तुमचं नाव कोणत्याही शासकीय योजनेसाठी विचारात घेतलं जाणार नाही. ते वाक्य मी दोनदा वाचलं. काकूंनी एवढंच विचारलं, "म्हंजे पाळणाघर नाही भेटन?"

मी म्हटलं, "तुम्ही नुसतं सांगा की वाचलं नव्हतं. पुढचं मी बोलते. कागद मी आणला होता, मीच सांगेन."

हे मी मनापासून म्हटलं होतं. सुनावणीच्या आदल्या रात्रीपर्यंत त्यावर ठाम होते. सकाळी ऑफिसात साहेबांनी बोलावलं. रागावले नाहीत, आवाजही चढवला नाही. फक्त म्हणाले, "सुना है आप उस मंडल की सचिव हैं. विभाग से अनुमति ली थी?" घेतली नव्हती. "और वो काग़ज़ कहाँ टाइप हुआ था, कोई पूछेगा तो?" त्यांनी चष्मा पुसला आणि जा म्हणाले. नवऱ्याच्या कंपनीत तेव्हा सारखं शटडाउन चाललेलं. घर माझ्या पगारावर होतं. मी स्टाफ बसची वाट पाहिली नाही, हाफ डे टाकून मिळेल त्या गाडीनं शहरात आले, आणि रस्ताभर डोक्यात एकच चाललेलं: निलंबन.

सुनावणीच्या ऑफिसाबाहेर बाकावर काकू बसल्या होत्या. धुतलेली साडी, डोक्याला तेल. लेकरं माझ्या मुलीजवळ ठेवून आल्या होत्या. तिला त्या दिवशी शाळेला सुट्टी होती आणि अशीही ती रोज शाळेतून सुटली की काकूंच्याच परछीत जायची. मी शेजारी बसले. बाकाच्या कडेला नख घासत बसले. मग म्हटलं, "काकू, कागद मी आणला होता हे नाही सांगितलं तर चालेल का? माझी नोकरी जाईल."

ह्या सगळ्या प्रकरणात एवढी एकच गोष्ट मी त्यांना आधी विचारली.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखाद्या लेकरानं चड्डी ओली केली की ते जसं बघत राहतं आणि मग त्या जशा त्याच्याकडे बघायच्या, तसं काही तरी. मग समोर बघत म्हणाल्या, "बरं."

आत अधिकाऱ्यांनी त्यांना विचारलं, ही सही तुमची? हो. काय लिहिलंय माहीत होतं? काकू थांबल्या. नव्हतं म्हणाल्या असत्या तर पुढचा प्रश्न आला असता, मग कागद कोणी आणला. हे त्यांना कळत होतं. त्यांना काही कळत नाही असं मी का समजत होते कोण जाणे. "मालूम था साहब," त्या म्हणाल्या. "मैंनेच करी." अधिकाऱ्यांना वाईट वाटलं असावं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, अम्मा, विचार करून सांगा, कोणी करवून घेतली का. काकूंनी नाही म्हणून मान हलवली. मग अधिकारी माझ्याकडे वळले. आप सचिव हैं, आपको कुछ कहना है?

काकूही माझ्याकडे बघत होत्या. आतापर्यंत त्यांनी बघितलं नव्हतं, आता बघत होत्या. भर मांडवात दोनशे बायकांसमोर न अडखळणारी माझी जीभ. समोर फक्त दोन माणसं होती.

मी म्हटलं, "जी नहीं."

ऑटोतून उतरून काकू पुढे निघाल्या. परछीत पोचल्या, साडी खोचली आणि कामाला लागल्या. संध्याकाळी बायका लेकरं न्यायला येऊ लागल्या तेव्हा मी तिथंच उभी होते. निघून जायचंही धाडस होत नव्हतं. काकू प्रत्येकीच्या हाती तिचं लेकरू देत होत्या आणि प्रत्येकीला सांगत होत्या की महिना संपला की आणू नका, माझ्याच्यानं आता होत नाही, सरकारी बी नाही भेटलं. आतापर्यंत योजनेच्या आशेवरच त्यांनी पाळणाघर ओढून नेलं होतं. राइस मिलवाली एक बाई म्हणाली, मग मोठीची शाळा सोडवावी लागेल, लहान्याला कोण बघणार. त्या मोठीनं खरंच शाळा सोडली, ती मला येता-जाता दिसायची, कडेवर भाऊ घेऊन.

सगळ्या गेल्यावर काकू माझ्याकडे वळल्या. "जा मॅडम," म्हणाल्या, "अंधार पडून राहिला." मी त्यांच्या तोंडून वो ऐकलेलं, पोरी ऐकलेलं, कधी चिडल्या तर नालायक ऐकलेलं. मॅडम त्या दिवशी पहिल्यांदा. मग कायमचं तेच राहिलं.

काकूंना दादी म्हणणाऱ्या माझ्या मुलीनं घरी जाताना विचारलं, "आई, दादी ने झूठा साइन क्यों किया?" पाऱ्यात बातमी आमच्या आधी पोचली होती. मी म्हटलं, "मला काय माहीत."

पुढे काकू लेकीकडे गोंदियाला गेल्या. त्या भिंती खिडकीपर्यंतच राहिल्या. आता तिथं कोणी तरी गाड्या लावतं. नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. देणाऱ्या हाताला घेणारा हात आपल्याच घरचा नसावा, हे बरोबरच आहे, आणि दिल्लीत बसणाऱ्याला हे विचारणारं कोणी तरी पाहिजेच. पण विचारणारीचे स्वतःचे हात कसे होते ते मला कोणी विचारलं नाही. सगळ्यांना फक्त पोतं उचललेलं आठवतं. कार्यक्रमात अजूनही कोणी कोणी माझी ओळख करून देताना ते सांगतं, आणि मी माईक घेत नाही. नवरा म्हणतो, वयोमानानं सुधारली.

मध्यंतरी गोंदियाहून फोन आला, काकू गेल्या. मुलगी आता शंकर नगरात एका ऑफिसात नोकरीला आहे. ती तशीच पर्स खांद्याला अडकवून खुर्चीत बसली आणि बराच वेळ रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "कितनी अच्छी थीं दादी. बस वो एक ग़लत काम कर दिया था."

मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच नळ सोडला.

म्हणून हे लिहायला घेतलं. वाटलं, लिहून तिच्या टेबलावर ठेवून देईन आणि ती वाचेल तेव्हा मी घरात नसेन. पण तिला मराठी वाचायचा कंटाळा. दोन ओळी वाचते आणि म्हणते, आई, तुम ही सुना दो. ऐकून तिला सगळं कळतं. म्हणजे तिला समोर बसवून हे मलाच मोठ्यानं वाचून दाखवावं लागणार आहे.